बंद पानांचं प्रकाशन

पुस्तक लिहिणाऱ्या लोकांबद्दल मला फारसा आदर नाही. मी त्यांना मागच्या बाजूने बघितलंय. छापखान्यातून भले मोठे कागद टेम्पोने यायचे. त्यांच्या घड्या घालायच्या, घड्या क्रमाने लावायच्या, शिवायच्या, वरून कव्हर चिकटवायचं आणि तिन्ही बाजूंनी कापून चौकोनी करायचं, हे काम मी भाईंदर ईस्टला एका गाळ्यात काही वर्षं केलं. लेखकाला वाटतं पुस्तक त्याच्या डोक्यातून निघतं ते थेट कपाटात जाऊन बसतं. मधे आम्ही असतो हे त्याला खळीचा वास आला की कळतं, आणि मग तो नाकाला रुमाल लावतो.

मी शिकलो रोह्यात. शाळेत मला एकच विषय नीट यायचा, तो म्हणजे सर लोक. प्रत्येक सरांचा आवाज, खोकला, खडू फेकायची पद्धत, सगळं तोंडपाठ. बाकी विषयांत जेवढं यायचं तेवढ्यावर बारावी झालो आणि भाईंदरच्या केबिन रोडला मामाकडे राहायला आलो. मामाच्या ओळखीने गाळा मिळाला. म्हणजे काम मिळालं. गाळा दादूसचा होता.

दादूस इथल्याच चेणे गावचा. घरची भातशेती होती, आता बरीचशी बिल्डिंगांखाली गेलीय. मोठ्या भावाला त्यांच्या आगरी लोकांत दादूस म्हणतात, पण हा समोरच्या प्रत्येकालाच दादूस म्हणायचा, म्हणून आम्हीही त्याला तेच म्हणायला लागलो. बोलायचा कमी. गिऱ्हाईक तासभर बडबडलं की हा शेवटी "बरा" एवढंच म्हणायचा आणि स्वतःला हवं तेच करायचा. घड्या घालायला शेजारच्या चाळीतली एक भाभी यायची. तिचं मराठी आमच्या हिंदीएवढंच चांगलं होतं, त्यामुळे कुणाचंच अडायचं नाही.

आता साहेबांचं सांगतो.

साहेब सरकारी खात्यातून रिटायर झालेले. राहायला जेसल पार्कला, तिथल्या सोसायटीचे चेअरमन. पण कुठेही गेले की पहिलं वाक्य, "आम्ही मूळचे गिरगावचे." जणू भाईंदरला त्यांची शिक्षा म्हणून बदली झालीय आणि ऑर्डर फिरली की उद्या परत जाणार. वीस वर्षं झाली असतील इथे राहून. बोलण्याआधी नाकातून एक हवा सोडायचे आणि मग म्हणायचे, "हे बघा, मुळात." मुळात हे, मुळात ते. एकदा भाभीने चहा दिला तर म्हणाले, "हे बघा, मुळात चहा गरम असतो." भाभीने तो परत गरम करून आणला, तोवर ते निघून गेले होते.

या माणसाने स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं होतं. कुणी मागितलं नव्हतं. जन्मापासून सुरुवात, मग गिरगाव, मग नोकरी, मग नोकरी, मग परत नोकरी. त्यात साहेबांच्या सगळ्या साहेबांचे स्वभाव. शेवटी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या गळतीवर एक अख्खं प्रकरण, आणि त्याच्या आधी एक संस्कृतीच्या ऱ्हासावर. पोरं संध्याकाळी दिव्यापुढे बसत नाहीत, बायका कुंकू लावत नाहीत, कारागीर हत्याराची पूजा करत नाहीत, वगैरे. ऱ्हास आणि गळती अशी लागून दोन प्रकरणं. मला वाटतं मधे एखादं प्लंबरवर हवं होतं.

हे सगळं मला माहीत आहे कारण ते पुस्तक त्या वेळी पूर्ण वाचलेला मी एकटा होतो. घड्या घालताना पान डोळ्यासमोरून जातंच. मी मोठ्याने वाचायचो, साहेबांच्या आवाजात, नाकातल्या हवेसकट. एकदा भाभी त्यांच्या बालपणाच्या घड्यांवर भेळेचा कागद ठेवून खात होती. मी मागून म्हणालो, "हे बघा, मुळात हे माझं बालपण आहे, यावर शेव सांडू नका." तिने दचकून पदराने सगळं बालपण पुसून काढलं. वळून बघितलं तर मी. मग दोन दिवस बोलली नाही.

प्रकाशन दसऱ्याला ठरलं होतं. मुहूर्त साहेबांनीच काढलेला. काम खरं तर त्याच्या आठवडाभर आधी संपलं असतं, पण साहेब रोज यायचे. एक दिवस म्हणाले पुस्तकात रेशमी फीत हवी, खूण ठेवायला. कागदी कव्हरच्या पुस्तकाला रेशमी फीत म्हणजे बर्म्युडावर फेटा. दादूस म्हणाला, बरा. फीत लावली नाही. मग साहेब त्यांचा एक फोटो घेऊन आले, गुळगुळीत कागदावर वेगळा छापून. निरोप समारंभातला, शाल आणि नारळासकट. तो पुस्तकात मधे चिकटवायचा. आम्ही जन्माच्या प्रकरणासमोर चिकटवला, त्यांनीच सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी आले, तो बघून नाकातून हवा सोडली आणि म्हणाले, हे बघा, मुळात जन्मल्या जन्मल्या शाल कशी. तो लग्नानंतर घ्या. प्रत्येक प्रतीतून फोटो अलगद सोडवायचा, ते पान खराब होऊ द्यायचं नाही आणि नव्या जागी लावायचा. हातातला आठवडा त्यातच गेला.

या फोटोच्या वेळी साहेब माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसले होते, मी नीट लावतोय की नाही ते बघायला. तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच एक वाक्य 'मुळात' न लावता सांगितलं. म्हणाले, माझा मोठा भाऊ येणारेय.

भाऊ गिरगावातच राहिलेला. शाळामास्तर होता, मराठी शिकवायचा. साहेबांनी आयुष्यात काही लिहिलं आणि त्याने चूक काढली नाही असं कधी झालं नव्हतं. साहेबांच्या लग्नाची पत्रिका त्याने लाल शाईने तपासून परत दिली होती, म्हणे. साहेब भाईंदरला आले तेव्हा भाऊ म्हणाला होता, मिठागरात जाऊन राहतोयस तर आता लोणचंच हो. तेव्हापासून तो कधी इकडे आला नव्हता. लग्नकार्यात भेटायचे, जेवलास का, जेवलो, एवढंच. आता दसऱ्याला येतो म्हणाला होता.

मी विचारलं, प्रमुख पाहुणे कोण आहेत. तर साहेबांनी हात झटकला. "ते येतील, शाल घेऊन जातील. दादाने वाचलं पाहिजे. त्याने वाचलं की झालं."

एवढं बोलून लगेच म्हणाले की फोटो जरा तिरका लागलाय. लागला नव्हता.

तर खंडेनवमीच्या दुपारी अशी परिस्थिती होती: पुस्तकं शिवून झालेली, कव्हर चिकटलेलं, फक्त कटिंग बाकी. पण खळ ओली. ओल्या पुस्तकावर पातं चालवलं की कव्हर सरकतं, म्हणून गठ्ठे वजनाखाली ठेवले होते. दादूस आंघोळ करून आला. कटिंगचं मशीन पुसून काढलं, पात्याला हळदीकुंकू, चाकाला झेंडूचा हार, नारळ फोडला, मेन स्विच बंद. आम्हाला वाटलं होतं पूजा संध्याकाळी होईल. दादूसला असं काही वाटत नव्हतं.

साहेब संध्याकाळी पेढे घेऊन आले. गठ्ठ्यातलं एक पुस्तक उचललं आणि उघडायला गेले. उघडेना.

जे कधी या धंद्यात नव्हते त्यांना सांगतो. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापलेली असतात. तो कागद दुमडत दुमडत पानाएवढा झाला की त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. पण कापत नाही तोवर पानं वरून आणि बाहेरून एकमेकांना जोडलेलीच असतात. सोळातली चार सरळ वाचता येतात, बाकीची बारा पाकिटात. कव्हर चहूबाजूंनी बाहेर आलेलं, त्याच्या कडेला छापखान्याच्या खुणा, अधिकच्या चिन्हासारख्या, आणि शाई तपासायचे लाल निळे पिवळे ठिपके. कापलं की हे सगळं जातं.

साहेब म्हणाले, कापून द्या. दादूसने मशीनकडे हात केला.

"आता पात्याला हात लावाचा न्हाय. उद्या बी न्हाय. परवा या."

साहेबांनी नाकातून हवा सोडली आणि मुळात सुरू केलं. मुळात कबूल केलं होतं, मुळात पाहुणे सांगितलेत, मुळात हॉल घेतलाय. दादूस नारळाची वाटी कातत होता. मला राहवलं नाही. मी मशीनच्या मागे उभा होतो, तिथूनच त्यांच्या आवाजात म्हणालो, "ज्या हत्याराने आपल्याला भाकरी दिली, त्याला वर्षातून एकदा विसावा देण्याची दानतही आजच्या कारागिरात उरलेली नाही."

साहेबांनी मान डोलावली. खरंच. स्वतःचं वाक्य कानावर पडलं म्हणून त्यांच्या तोंडावर आधी समाधान आलं, अगदी गोड. मग हळूहळू ते उतरलं.

"तुमच्याच पुस्तकान हाय ना," दादूस म्हणाला आणि त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं.

साहेबांनी मग रिक्षा करून आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतले आणि रेल्वे फाटकापलीकडचे सगळे गाळे पालथे घातले. जिथे जातील तिथे पात्याला झेंडू. ज्या कारागिरांनी संस्कृती बुडवली होती ते सगळे अचानक फार धार्मिक निघाले.

परत आले तोवर त्यांनी तोड काढली होती. म्हणाले, हे बघा, मुळात विलायतेत पूर्वी पुस्तकं अशीच मिळायची. वाचक स्वतः सुरी घेऊन पानं फाडायचा. त्यात एक रसिकता होती. मला दिसत होतं की घरी पोचेपर्यंत त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसणार. मग प्रॅक्टिकल बोलले. स्टेजवर कोण पुस्तक उघडून बघतो. पाहुण्यांच्या प्रती सकाळी पोचवा. बाकीच्यांना एकही द्यायची नाही, परवा कापून झाल्या की वाटू. मी हॉलमध्ये मागच्या टेबलावर गठ्ठ्याशी बसायचं आणि राखण करायची.

मी विचारलं, आणि तुमच्या भावाला?

तिथे साहेब अडकले. दिलं तर तो म्हणणार, बघा भाईंदरचं काम. नाही दिलं तर तो परत कधी येणार. दरवाजापर्यंत गेले, मागे आले. "मागितलं तर द्या," म्हणाले. "नाही मागितलं तर..." आणि पुढचं न बोलताच गेले.

दसऱ्याला सकाळी मी दोन प्रती पोचवल्या. एक नगरसेवकाला, एक प्राध्यापकाला. नगरसेवक झेंडूच्या ढिगात बसून लोकांना सोनं वाटत होता, त्याने पुस्तक न बघताच मागे उभ्या असलेल्या पोराकडे दिलं. प्राध्यापकांनी दारातच घेतलं आणि किती पानं आहेत विचारलं. मी आकडा सांगितला तर त्यांचा चेहरा पडला.

संध्याकाळी हॉल बऱ्यापैकी भरला. सोसायटीचे लोक होते, चेअरमनचा कार्यक्रम म्हणजे यावंच लागतं. नंतर श्रीखंड-पुरी होती, ती कोपऱ्यात झाकून ठेवलेली, आणि बऱ्याच जणांनी खुर्च्या अशा पकडल्या होत्या की कोपरा नजरेत राहावा.

भाऊ उशिरा आला. धोतर नाही, साधी पँट, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. त्याला स्टेजवर बोलावलं तर त्याने लांबूनच मान हलवली आणि शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसला. साहेब स्टेजवर, गळ्यात हार, पण डोळे सगळे शेवटच्या रांगेत. भाऊ जागेवरून उठला आणि माझ्या टेबलाशी आला. एक प्रत उचलली. कव्हरच्या कडेला बोट फिरवलं. मला वाटलं आता ठेवतोय. "घेतो," म्हणाला आणि जाऊन बसला. स्टेजवर साहेबांनी खुर्चीचा हात धरला होता.

मग भाषणं झाली.

नगरसेवक म्हणाला, साहेबांचं पुस्तक काल रात्री हातात घेतलं ते संपवूनच खाली ठेवलं. पुस्तक त्याच्याकडे आज सकाळी गेलं होतं. त्याच्या घरचे पण ढसाढसा रडले म्हणे. कशावर रडले ते सांगितलं नाही. नोकरीच्या तीन प्रकरणांवर रडण्यासारखं खूप आहे, पण ते वेगळं. टाळ्या पडल्या.

प्राध्यापक उठले. त्यांनी तरी प्रत समोर धरली. पहिल्या पानावरचं एक वाक्य वाचलं, त्यावर दहा मिनिटं बोलले. मग पुस्तक लोकांकडे वळवलं आणि कव्हरच्या कडेचे ते लाल निळे पिवळे ठिपके दाखवले. म्हणाले, चित्रकाराने इथे फार सूचकपणे काही सांगितलंय. हे आयुष्याचे रंग आहेत, आणि ते चित्राच्या मधोमध नाहीत, काठावर आहेत. मी खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागलो. मी चप्पल घातली होती.

पुढे ते म्हणाले की लेखकाच्या आयुष्याची सगळी पानं आपल्यासमोर उघडी आहेत. टाळ्या.

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. भाऊ भाषण ऐकत नव्हता. पुस्तक गुडघ्यावर ठेवून त्यात बघत होता. पान चिमटीत धरून घडीच्या आत वाकून, एक डोळा बारीक करून, नळीत बघावं तसं. मधेच पुस्तक उभं करायचा, खालून बघायचा. शेजारचा माणूस लांब सरकून बसला.

भाषणं संपली आणि हॉल श्रीखंडाकडे धावला. साहेबांना लोकांनी घेरलं होतं, नमस्कार, अभिनंदन, फोटो. भाऊ माझ्याकडे आला आणि पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे बदलून दे. पानं चिकटलीत."

मी म्हणालो, काका, सगळी अशीच आहेत. कापायची राहिलीत. उद्या मिळेल.

"उद्या मी इथे नाही."

मी विलायतेचं सांगून बघितलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की रोह्याचे सगळे सर एकदम आठवले. मी विलायत सोडून दिली.

"हे बघ," त्याने पुस्तक उघडलं. "चोवीस पानावर बाबा आजारी पडलेत. पंचवीसवर आई डॉक्टरांना बोलवा म्हणतेय. पुढे सगळं बंद. आणि एकदम बत्तीसवर हा मॅट्रिक झालाय. मधे बाबांचं काय झालं?"

मी म्हणालो, तुम्हाला माहीतच असेल ना.

"मला माहितीये काय झालं. याने काय लिहिलंय ते बघायचंय."

मी टेबल सोडून श्रीखंडाच्या कोपऱ्यात गेलो. सुरी शोधली, पण कॅटररवाला म्हणाला की दसऱ्याला सुरी, विळी सगळं पूजेला बसवलंय, काकडीसुद्धा कालच चिरून आणली. मग मी श्रीखंडाचा एक चमचा घेतला, धुऊन पुसला, आणि त्याची दांडी घडीत घालून हळू हळू वर ओढली. कागद फाटला, जरा दातेरी, पण पान मोकळं झालं. भाऊ उभ्यानेच वाचायला लागला.

तोवर साहेबांचं लक्ष गेलं. समोर नगरसेवक फोटोसाठी थांबलेला, त्याला तसाच सोडून ते खुर्च्यांमधून वाट काढत आले. जवळ येऊन थांबले. भावाच्या खांद्यावरून त्याच पानात बघायला लागले, जणू पुढे काय होतं ते त्यांनाही माहीत नाही.

भावाने पान संपवलं. चष्मा काढला.

"खोटं आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांना बोलवायला तू गेला नव्हतास. मी गेलो होतो."

"दादा, मी गेलो होतो."

"अनवाणी गेलो होतो मी. तू कॉटखाली बसून रडत होतास."

"हे बघ, मुळात..."

"मुळात काय?" भाऊ म्हणाला. "पुढे काय लिहिलंयस? अरे मुला, पुढचं उघड."

मी पुढचं उघडलं. दोघं शेवटच्या रांगेत बसले, पुस्तक दोघांच्या मधे. भाऊ वाचायचा, थांबायचा, हे असं नव्हतं म्हणायचा. साहेब तसंच होतं म्हणायचे. आवाज चढले. आई कुठे उभी होती यावरून भांडले, जिन्यावर दिवा होता की नव्हता यावरून भांडले. त्या दिवसभरात साहेबांचं तोंड एवढं फुललेलं मी बघितलं नव्हतं, शाल देतानाही नाही. डेकोरेटरची माणसं पुढून खुर्च्या उचलत त्यांच्यापर्यंत आली आणि खोळंबून उभी राहिली. प्राध्यापक पुरी हातात घेऊन निरोप घ्यायला आले, त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही, मग तेही गेले.

शेवटी डेकोरेटरच म्हणाला, काका, उठा आता. भाऊ उठला. पुस्तकात बोट घातलेलं होतं.

"तुझं घर किती लांब आहे रे इथून? हे असं उभ्याउभ्याने नाही व्हायचं."

"पाच मिनिटं," साहेब म्हणाले.

चांगली वीस मिनिटं होती. पण भाईंदरला बिल्डरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचं सगळं पाच मिनिटांवरच असतं, आणि साहेब वीस वर्षांत पहिल्यांदा भाईंदरवाल्यासारखं बोलले होते.

दारातून भाऊ मागे आला आणि माझ्यापुढे हात केला.

"तो चमचा दे. अजून बरंच बंद आहे."

मी दिला. दोघं रस्त्याला लागले, डॉक्टरला कुणी आणलं ते अजून चालूच होतं. मी कॅटररवाल्याला सांगितलं की चमचा नगरसेवक घेऊन गेला. त्याला ते लगेच पटलं.